उकळलेला कप

मैत्रिणींनो, चहाच्या कपांना आतून पडलेले तपकिरी डाग कशानं जातात, असं एका भगिनीनं विचारलं आहे. उत्तर सोपं आहे. ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या, हलक्या हातानं चोळा आणि कोमट पाण्यानं धुऊन टाका. कप नव्यासारखा होतो. पण हे उत्तर लिहायला बसले आणि मला माझ्याच घरातला एक कप आठवला. त्याला डाग नव्हता. तरी मी तो घासला होता, आणि घासून समाधान झालं नाही म्हणून पातेल्यात घालून दहा मिनिटं खळखळ उकळला होता. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

यांची एक चुलत बहीण आहे. तिला आपण शालनवन्सं म्हणू या. नाव बदललं आहे, गावाचा उल्लेख करत नाही आणि हा मजकूर पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवला आहे. "लिहा, पण मी ओळखू येता कामा नये," एवढीच त्यांची अट.

वन्सं दर महिन्याला कोल्हापूरला यायच्या. "सीपीआरला काम आहे," म्हणायच्या. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं यायच्या, दवाखान्यातलं काम उरकून दुपारी आमच्याकडे जेवायच्या, चहा घ्यायच्या आणि चारच्या गाडीनं परत. कसलं काम, ते मी कधी खोदून विचारलं नाही. गुडघेदुखी असेल, असं धरून चालले होते. एकदा त्यांची पिशवी कलंडली. शिकेकाईच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आतून औषधाची एक बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. वन्सं हात धुवायला गेल्या होत्या. मी बाटली उचलली, नाव वाचलं, मोबाइलवर पाहिलं. शिकलेल्या बाईला कितीसा वेळ लागतो! ते एचआयव्हीचं औषध होतं.

मी काही बोलले नाही. बाटली होती तशी डब्यात ठेवली. चहा दिला, त्यांनी घेतला. त्या निघाल्या, तशी मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि त्यांचा कप उकळायला ठेवला. आमचं ते दार नीट लागत नाही. वन्सं विसरलेली छत्री घ्यायला परत आल्या. त्यांनी गॅसवरचं पातेलं पाहिलं, त्यातला एकुलता एक कप पाहिला. "येते हं, वहिनी," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत.

आता गंमत बघा. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. दर वर्षी जूनमध्ये शाहू महाराजांची जयंती आली की मुलांना गंगाराम कांबळ्यांची गोष्ट रंगवून सांगते. त्यांनी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा खुद्द महाराज आपली गाडी तिथं थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. ती सांगताना माझा आवाज दाटून येतो. आणि त्याच बाईनं घरी येऊन कप उकळला. धडा शिकवणं वेगळं आणि धडा शिकणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं म्हणाल, तर तेही खरं नाही. त्या दिवशी मला फक्त भीती वाटली होती. कळलं पुढे, आणि तेही एका निराळ्याच कामातून.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण पुण्यात आरोग्याच्या संशोधनात काम करते. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येतात. हिचं काम माणसांशी बोलण्याचं. एखादा अभ्यास दोन-तीन शहरांतल्या संस्था मिळून करतात. कोणी डॉक्टर, कोणी मानसोपचारतज्ज्ञ, कोणी समाजशास्त्र शिकवणारे, काही परदेशातले. या सगळ्यांची मोट बांधायची, म्हणजे प्रत्येक गावी तोच प्रश्न त्याच अर्थानं विचारला जाईल, हे हिनं पाहायचं. मुलाखतीला बंद दाराची खोली मिळाली का, बोलणाऱ्या बाईची संमती तिला नीट समजावून घेतली का, कागदावर नावाऐवजी नुसता क्रमांक आहे ना, हेही हिनंच पाहायचं. घरी फोन करावा लागला आणि तो सासूनं उचलला, तर कामाचं नावसुद्धा काढायचं नाही. मुलाखतीत एखादी म्हणाली, "जगावंसं वाटत नाही," तर कागद बाजूला ठेवून आधी तिला कुणाकडे पोचवायचं, हेही ठरलेलं असतं.

या मैत्रिणीनं एक दिवस मला एक प्रश्नावली पाठवली. "इंग्रजीवरून मराठी केली आहे, तुझ्या मास्तरणीच्या नजरेनं बघ," म्हणाली. विषय होता एचआयव्ही झालेल्या माणसांच्या मनावर लोकांच्या वागण्याचा काय परिणाम होतो. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'मला माझ्या आजाराची लाज वाटते.' मी थांबले. अहो, लाज हा आपल्याकडे बाईचा गुण! 'लाज आहे की नाही' असं आपण जिला नसते तिला विचारतो. या प्रश्नाला कुठलीही बाई 'हो' म्हणेल, आणि ते हो कशाला म्हटलं, ते कुणालाच कळणार नाही. मी त्याऐवजी लिहिलं, 'लोकांना तोंड दाखवू नये असं वाटतं का?' पुढचा प्रश्न, 'तुम्हाला उदास वाटतं का?' आता आमच्या वन्सं 'उदास' हा शब्द जन्मात वापरणार नाहीत. त्या म्हणतील, अन्न गोड लागत नाही, रात्रभर छत बघत पडते, छातीवर धोंडा ठेवल्यागत होतं. हे सगळं लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की मी प्रश्नावली तपासत नव्हते. वन्संचा चेहरा समोर ठेवून त्यांचीच उत्तरं लिहीत होते. आणि त्यातल्या एका प्रश्नात मी स्वतःच होते, 'तुमची भांडी कोणी वेगळी ठेवली किंवा धुतली का?'

मग मी मैत्रिणीकडून या विषयावरचं मागवून मागवून वाचलं. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शालिनी भरत यांनी संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमासाठी मुंबई आणि बंगळुरूत एक अभ्यास केला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. घराघरांत काय चालतं, ते त्यात आलं आहे. एकाच आजाराला घरात दोन मापं असतात. मुलगा आजारी पडला तर आई, बायको त्याची सेवा करतात. सुनेला तोच आजार निघाला तर तिच्या वाट्याला दोष, आणि बरेचदा माहेरची वाट. आजार तिला नवऱ्याकडून आलेला असला तरीही. हे वाचताना मला नवल वाटलं नाही. तुम्हाला वाटतंय का?

दुसरा अभ्यास २००८ सालचा. यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांबरोबर बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आणि टाटा संस्था, दोन्हीकडचे लोक होते. दक्षिण भारतात त्यांनी आधी १६ जणांशी सविस्तर बोलून घेतलं, त्यावरून प्रश्न बेतले आणि मग २२९ जणांना ते विचारले. त्यांनी कलंकाचे चार प्रकार मांडले आहेत. मी ते आपल्या भाषेत सांगते.

पहिला घडलेला. कोणी तोंडावर अपमान केला, घराबाहेर काढलं, ताट वेगळं मांडलं. दुसरा ऐकलेला. अमक्या गावात तमकीला असं केलं म्हणे. तिसरा धरून चाललेला. आपलं कळलं तर सगळे असंच वागणार, ही मनाशी बांधलेली खूणगाठ. आणि चौथा मुरलेला. लोणच्यात मीठ मुरतं तसा तो आत मुरतो आणि बाई स्वतःच म्हणू लागते, माझी हीच लायकी.

या अभ्यासात एक गोष्ट अशी निघाली, की पहिल्या मुलाखतींत प्रत्यक्ष घडलेले अपमान लोकांनी तुलनेनं कमी सांगितले. पण दुसऱ्यांचे ऐकलेले किस्से मनात घर करून होते. त्या किश्शांनीच माणसं गप्प होत होती. आणि जी माणसं आजार लपवण्यासाठी सारखी धडपडत होती, त्यांच्यात मनाचं खचणं जास्त होतं.

म्हणजे बघा, आपण हळदीकुंकवाला बसून 'त्या अमकीचं कळलं का?' असं म्हणतो ना, तेव्हा त्या घोळक्यात एखादी वन्सं बसलेली असते. तिला कोणी काही म्हटलेलं नसतं. ती नुसती ऐकते, घरी जाते आणि औषधाची बाटली शिकेकाईच्या डब्यात आणखी खाली दडवते. अपमान एकीचा होतो, आणि गप्प दहाजणी बसतात.

शिकलेल्यांत असं नसेल, असं वाटतं का? मुंबई आणि बंगळुरूच्या दवाखान्यांत ३०५ डॉक्टर, ३६९ परिचारिका आणि ३४६ वॉर्डातले कर्मचारी यांना प्रश्न विचारले गेले, तो अभ्यास २०१३ साली आला. शरीरसंबंधातून किंवा नशेच्या सुईतून एचआयव्ही झालेल्यांना 'त्यांच्या कर्माचंच फळ मिळालं' असं मानणारे या तीन गटांत ५० ते ८३ टक्के निघाले. हे वाचून मला माझ्या पातेल्याबद्दल थोडं हलकं वाटलं, आणि लगेच वाटलं, हलकं वाटून घेण्यासारखं यात काय आहे?

आता मुद्द्याची गोष्ट. कप उकळण्याचं काही कारणच नव्हतं. एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून आणि सुयांतून, आणि आईकडून बाळाला. कप, ताट, टॉवेल, अंथरूण, संडास, डास, हात हातात घेणं, मूल मांडीवर बसवणं यातून तो पसरत नाही. आईवर उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते. उपचार वेळेवर आणि नीट झाले, तर ती पाचाच्या खाली येते. या बाबतीत आपल्या पुण्यानं जगाला मदत केली आहे. २०११ साली ज्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर झाला, त्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, आणि त्यात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. नवराबायकोपैकी एकाला एचआयव्ही. त्याला लवकर औषध सुरू केलं, तर जोडीदाराला त्याच्याकडून लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. आज डॉक्टर सांगतात, की रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही.

पण 'रोज औषध घेऊन' हे तीन शब्द पुन्हा वाचा. सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून फुकट मिळतं. औषध आहे, पैसे लागत नाहीत, एस.टी. आहे. मग गोळी चुकते कशानं? वन्संची कशानं चुकली, ते ऐका.

मी शेवटी त्यांच्या गावी गेले. यांना सांगितलं, बाजारहाटाला जाते. (हे खोटं होतं. पण वन्संचं गुपित माझं नव्हतं, ते यांना सांगण्याचा हक्क मला नव्हता.) वन्सं परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही शेजारी बसून फोडू लागले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी म्हणाले, "वन्सं, माझं चुकलं."

त्या म्हणाल्या, "कप उकळला त्याचं काही नाही हो, वहिनी. माझ्या सासूनं तर ताट फेकून दिलं होतं. हे गेले तेव्हा म्हणाली, माझ्या लेकाला हिनं खाल्लं. तुम्ही उकळला, पण दार लोटून उकळला, ते लागलं. तोंडावर विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की याची गरज नाही म्हणून. इतकी वर्षं औषध घेतेय, मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

आणि दोन महिने का आल्या नाहीत? "कोल्हापूरला येऊन भावाच्या घरी गेले नाही, तर भाऊ विचारणार, का आली नाहीस. काय सांगू? त्यापेक्षा यायचंच नाही, असं ठरवलं. गोळ्या संपल्या. मग वाटलं, संपल्या तर संपल्या. कुणासाठी घ्यायच्या?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. एका कपापायी एक माणूस मरणाकडे निघालं होतं. औषध मध्येच सोडलं की विषाणू पुन्हा वाढतो, आणि पुढे तेच औषध लागू पडेनासं होण्याची भीती असते. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्याबरोबर सीपीआरला आल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्यांना रागावल्याशिवाय सगळं विचारून घेतलं, झोपेचं, भुकेचं, मनातल्या विचारांचंही. औषध पुन्हा सुरू झालं. मनासाठीही डॉक्टरांकडे पाठवलं. 'येरवड्याला पाठवतात ते,' ही आपली जुनी समजूत वन्संनीच हसून मोडली. "मला झोप लागते आता," म्हणाल्या, "येरवडा कुठं राहिला!"

आता नेहमीप्रमाणे काही व्यवहाराच्या गोष्टी.

कुणाच्या आजाराचं कळलं, तर ते आपल्यापाशीच ठेवा. नवऱ्यालासुद्धा सांगण्याआधी तिला विचारा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करणं आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करणं मना आहे.

स्वतःची शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात जा. तपासणी मोफत असते, गुप्त ठेवतात, आधी आणि नंतर समजावून सांगतात. घरबसल्या विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा निःशुल्क क्रमांक आहे.

आजारी माणसाला 'गोळी घेतलीस का?' एवढंच विचारू नका. 'झोप लागते का, जेवण जातं का?' हेही विचारा. दोन आठवडे सतत मन लागत नसेल, कशात रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तिथं रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं.

आणि भीती वाटली, तर लपवू नका, विचारा. सांगलीची 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करते आहे. तिथं शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना आणि मग इतरांना या आजाराविषयी शिकवलं. ज्यांना आपण शिकवायला निघतो, त्यांच्याकडूनच शिकावं लागतं. मला आमच्या वन्संनी शिकवलं. माझ्या मैत्रिणीलाही मी तेच कळवलं, की प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न घाला, 'तुमच्या माणसांनी तुम्हाला काही विचारलं का, की न विचारताच ठरवलं?' तिनं तो सगळ्या शहरांतल्या मंडळींपुढे ठेवला आहे. बघू या.

वन्सं परवाच येऊन गेल्या. चहा झाला. कप मी इतर कपांबरोबर साध्या साबणानं धुतला आणि फळीवर ठेवला. सहांतला तो कुठला, ते आता मलाही ओळखता येत नाही.

तुमच्याही घरात असा एखादा कप, एखादं ताट, एखादी वेगळी चटई असेल. मला लिहा. नाव घातलं नाहीत तरी चालेल.